पंखा फिरतो, पण वारा कोठे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी बोलून गेलेल्या वक्त्यांनी तंजावरच्या भोसल्यांचा इतिहास सांगितला, सरस्वती महालातील मराठी हस्तलिखितांची ओळख करून दिली. त्या पंक्तीत बसून मोटारीच्या पंख्यावर बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु चिटणीसांनी विषय मागितला तेव्हा स्वानुभवाचा म्हणावा असा हा एकच विषय आमच्यापाशी होता. आम्ही पेशाने हिशेबनीस. यंत्रशास्त्राचे शिक्षण आम्हास नाही. जे काही कळले ते एका जुन्या गाडीने आणि पुदुपेटमधील एका वृद्ध मिस्त्रींनी शिकविले. त्या शिक्षणाची फी मात्र केवळ रुपयांत भरून भागले नाही.

प्रथम गाडीविषयी. तिचे नाव ट्रायम्फ स्पिटफायर, साल १९६५. दोन माणसांची बैठक, कापडी छप्पर, आणि पुढचा सर्व भाग, म्हणजे बॉनेट व दोन्ही मडगार्डे, एकसंध पुढच्या बाजूस उलटणारा. तो उलटला की इंजिन चहूबाजूंनी उघडे पडते आणि पुढच्या टायरवर बसून काम करता येते. निलगिरीतील एका चहामळ्यावर ती बरीच वर्षे पडून होती. २०१२ साली आम्ही ती विकत घेतली. तीन मुले पदरी असताना दोन माणसांची मोटार घेणाऱ्या गृहस्थाविषयी घरात काय बोलले गेले असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

परंतु अशी गाडी बाळगावयाची तर आपल्या या शहरासारखे दुसरे शहर नाही. १९०३ साली सिंप्सन कंपनीने वाफेवर चालणारी मोटार बांधली ती येथेच. १९४८ साली स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. वंडलूरच्या तिच्या कारखान्यातून १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड बाहेर पडू लागली. आज साठी ओलांडलेल्या अनेक सभासदांनी तिच्या मागच्या बाकावर बसून प्रवास केला असेल. ती हेरल्ड आणि १९६२ साली इंग्लंडात अवतरलेली स्पिटफायर या सख्ख्या बहिणी. दोहोंची आकृती तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांची. स्पिटफायरची चासी हेरल्डच्या चासीवरूनच आखलेली, आणि दोघींची इंजिने एकाच घराण्यातील. वंडलूरचे उत्पादन १९८८ च्या सुमारास थांबले, तरी पुदुपेटच्या गल्ल्यांत आणि जनरल पॅटर्स रोडवरील दुकानांत हेरल्डचे सुटे भाग त्यानंतरही कितीतरी वर्षे मिळत राहिले. इंग्लंडात जन्मलेल्या गाडीला आजोळ मिळावे, तसा हा प्रकार होता.

आता तापण्याविषयी. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एकतृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो, किंबहुना त्याहूनही कमी. जवळजवळ तेवढाच भाग धुराड्यावाटे जातो आणि उरलेल्यापैकी बहुतेक इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला काढून न्यावा लागतो. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरते आणि समोरून येणारा वारा त्याची उष्णता घेऊन जातो. गाडी वेगात असली म्हणजे वारा आपोआप मिळतो. ती थांबली की वारा थांबतो, आणि तेथून पंख्याचे काम सुरू होते.

जुन्या गाड्यांत हा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन जोरात चालले की पंखा जोरात, इंजिन मंद झाले की पंखाही मंद. म्हणजे वाहतुकीत अडकल्यावर जेव्हा पंख्याची सर्वांत अधिक गरज, नेमका तेव्हाच तो सर्वांत आळशी. निलगिरीच्या थंडीत हे खपून गेले. चेन्नईच्या कत्तिरीत, म्हणजे मे महिन्यातील अग्निनक्षत्राच्या दिवसांत, जेव्हा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा ते खपेना. म्हणून २०१३ च्या आरंभी आम्ही विजेचा पंखा बसविण्याचे ठरविले. तो बॅटरीवर चालतो. पाणी ठराविक तापमानाला, बहुधा नव्वद अंशांच्या थोडे वर, पोहोचले की एक उष्णतेचा स्विच त्यास सुरू करतो. इंजिनाच्या गतीशी त्याला कर्तव्य नसते.

हे काम आम्ही पुदुपेटमधील एका मिस्त्रींकडे सोपविले. वय सत्तरीच्या पुढे, तरुणपणी शोलावरमच्या शर्यतींत गाड्यांची चाके बदललेला माणूस. शोलावरमची धावपट्टी महायुद्धात विमानांसाठी बांधलेली. पुढे तीवर मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या आणि साऱ्या देशातील शौकीन तेथे लोटत. आम्ही त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत असू, ते आम्हास ‘सार’. त्यांनी एका अलीकडच्या छोट्या मोटारीचा पंखा पैदा केला, रेडिएटरच्या मागे नेटका बसविला, वरच्या नळीत स्विच घातला, आणि इंजिन तापवून दाखविले. काटा चढला, पंखा गुणगुणू लागला. ‘फॅन ओडुदु, सार,’ ते म्हणाले. पंखा चालतो आहे. आम्ही समाधानाने मजुरीचे सहाशे रुपये त्यांच्या हातावर ठेवले.

मे महिन्यातील एका दुपारी आम्ही आणि आमचे थोरले चिरंजीव सैदापेटकडून माउंट रोडने निघालो होतो. अण्णा सालै हे नाव रूढ होऊन कितीतरी वर्षे झाली, तरी आमच्या तोंडी माउंट रोडच आहे. मेट्रोच्या कामासाठी रस्ता खणलेला, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. तेनाम्पेटच्या अलीकडेच काटा लाल खुणेपाशी गेला आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेतली. आम्ही पाणी आणावयास समोरच्या दुकानात गेलो आणि इकडे चिरंजीवांनी मदत म्हणून रेडिएटरचे झाकण पिळले.

श्रोतेहो, हे झाकण साधे नसते. ते पाणी दाबाखाली ठेवते आणि त्यामुळे पाणी शंभर अंशांवर न उकळता एकशेदहाच्या आसपास उकळते. झाकण उघडताच दाब जातो आणि ते सारे पाणी एका क्षणात उसळून वाफ होऊ पाहते. मुलाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. पुढील तीन आठवडे तो महाविद्यालयाच्या परीक्षेऐवजी मलमपट्टीसाठी जात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुदुपेटला गेलो आणि दोन शिकाऊ पोरांच्या देखत मिस्त्रींना नको ते बोललो. भंगारातला पंखा माथी मारलात, येथपर्यंत बोललो. त्यांनी मान खाली घालून ऐकले, इंजिन तापवून पंखा सुरू होतो हे पुन्हा दाखविले आणि पुन्हा तेच शब्द उच्चारले, ‘फॅन ओडुदु, सार.’ संध्याकाळी त्यांच्याकडचा पोरगा आमच्या दारी एक पाकीट ठेवून गेला. आत सहाशे रुपये होते.

त्यानंतरचे तीन महिने म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ या म्हणीचा प्रत्यय होय. पंखा फिरतो हे डोळ्यांनी दिसत होते. तेव्हा दोष पंख्याखेरीज सर्वत्र शोधला गेला. एका ठिकाणी रेडिएटर उघडून नळ्यांतून सळ्या घातल्या. दुसऱ्या ठिकाणी पाण्याचा पंप बदलला. तिसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा सल्ला मिळाला व आम्ही तो मानला. एका सद्गृहस्थाने पंख्याची पाती सोडवून उलटी बसविण्यास सुचविले, कारण त्यास वाऱ्याचा संशय आला होता. तो संशय किती खरा होता, हे पुढे कळले. उपाय मात्र चुकीचा होता. स्क्रू उलटा धरला म्हणून त्याचे आटे उलटे होत नाहीत. तीच गोष्ट पात्यांची. पाती उलटी बसविल्याने वाऱ्याची दिशा पालटत नाही, केवळ जोर कमी होतो.

शेवटी आम्ही आमच्या धंद्याकडे वळलो. हिशेब लागत नसेल तर नोंदी वाढवाव्यात, हा आमचा शिरस्ता. एक वही केली. प्रत्येक फेरीची वेळ, बाहेरची उष्णता, गाडीचा वेग आणि काट्याची जागा तीत लिहू लागलो. अशा वेळी जाणकार पहिला प्रश्न विचारतात तो ‘गाडी तापते का’ हा नव्हे, तर ‘कधी तापते’ हा. उभी असता तापली तर संशय पंख्यावर. भर वेगात तापली तर पंखा निर्दोष, कारण तेव्हा त्याची गरजच नसते. मग कोंडलेला रेडिएटर, ढिला पट्टा, चुकलेले टायमिंग यांकडे पाहावे. आमची वही मात्र तिसरेच काही सांगत होती. गाडी उभी असता काटा हळूहळू चढे. ताशी चाळीस मैलांच्या वर गेली की उतरे. आणि ताशी पंधरा-वीस मैलांनी सावकाश चालली असता तो सर्वांत वेगाने चढे, उभी असतानापेक्षाही वेगाने! चालत्या गाडीला उभ्या गाडीहून कमी वारा मिळतो, हे कोणत्याही मिस्त्रीच्या बुद्धीत बसेना.

ती वही घेऊन आम्ही पुन्हा पुदुपेटला गेलो. गेलो असे म्हणणे सोपे आहे. गल्लीच्या तोंडाशी दोनदा थबकलो होतो. मिस्त्रींनी आम्हास स्टूल दिले, चहा सांगितला आणि प्रथम मुलाच्या हाताची चौकशी केली. मग चष्मा लावून ते आकडे एकेक करून पाहिले. वीस मैलांच्या ओळींवर त्यांचे बोट बराच वेळ थांबले. ते उठले, इंजिन चालू करविले आणि पंखा सुरू होईपर्यंत स्वस्थ उभे राहिले. पंखा सुरू झाला तेव्हा त्यांनी तमिळ वर्तमानपत्राचे एक पान घेऊन गाडीच्या समोर, जाळीपुढे धरले.

रेडिएटरच्या मागे बसविलेला पंखा वारा समोरून आत ओढतो. म्हणजे ते पान जाळीला चिकटावयास हवे होते. ते फडफडत आमच्या अंगावर आले.

मिस्त्रींनी पान उचलले, पुन्हा धरले. पुन्हा तेच. मग स्वतःशीच बोलावे तसे ते म्हणाले, ‘फॅन ओडुदु. कात्तु एंगे?’ पंखा चालतो आहे. पण वारा कोठे?

तीन महिन्यांचा हिशेब त्या एका पानाने जुळला. पंखा उलटा फिरत होता आणि इंजिनाजवळची तापलेली हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. गाडी उभी असता त्या उलट्या वाऱ्यानेही पाणी थोडेबहुत निवे. गाडी सावकाश चालू लागली की समोरून येणारा वारा आणि मागून ढकललेला वारा एकमेकांस भिडत आणि रेडिएटरमध्ये हवा जवळजवळ निश्चल राही. वेग वाढला की समोरचा वारा जिंके.

मग पंखा उलटा का फिरला? येथे दोन काळांची गाठ पडते. आमच्या गाडीत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले आहे. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत तशीच पद्धत होती. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात ती मागे पडली आणि ऋण टोक चासीला जोडण्याची आजची रीत आली. पंखा होता अलीकडच्या गाडीचा. त्याची लाल तार बॅटरीच्या धन टोकाकडे आणि काळी तार बॉडीकडे जावी, या हिशेबाने तो बनविलेला. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे काळी तार बॉडीला लावली. आमच्या गाडीत बॉडी हेच धन टोक! वीज मोटरीतून उलट दिशेने वाहिली आणि मोटर उलटी फिरली.

पन्नास वर्षे काम केलेल्या माणसाच्या हे लक्षात कसे आले नाही, असे कोणी विचारील. उत्तर त्याच पन्नास वर्षांत आहे. जुन्या गाड्यांतील स्टार्टर किंवा वायपर यांच्या मोटरींत चुंबकाच्या जागी तारांची वेटोळी असत. तारांची अदलाबदल केली तर आतील दोन्ही वेटोळ्यांतील वीज एकदमच उलटते आणि मोटर होती त्याच दिशेने फिरत राहते. मिस्त्रींचे हात ज्या मोटरींवर घडले, त्यांना दिशेचा प्रश्न ठाऊकच नव्हता. नव्या पंख्यात कायमचे चुंबक असते. वीज उलटते, चुंबक उलटत नाही. म्हणून फिरणे उलटते. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते, ते दुसऱ्या यंत्राचे होते.

आणि आमचे? गाडीबरोबर मिळालेली छापील पुस्तिका आमच्या कपाटात होती. धन टोक चासीला आहे हे त्यात लिहिलेले आम्ही वाचलेही होते. ते त्यांना सांगावे, हे आम्हास सुचले नाही. गरम झाकण उघडू नये हे मुलास सांगावे, हेही सुचले नव्हते. दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या त्या आमच्याकडून, आणि बोल लावला तो ज्यास कोणी काही सांगितले नव्हते त्या माणसास. आम्ही त्या दोन पोरांच्या देखत मिस्त्रींची क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पंख्याच्या दोन तारांची अदलाबदल केली. मोटरीची दोन्ही टोके बॉडीपासून अलग असल्यामुळे ते पाच मिनिटांचे काम होते. पुन्हा पान धरले. ते जाळीला जाऊन चिकटले आणि तेथेच राहिले.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी तपासणीचा जो क्रम मिस्त्रींनी त्या दिवशी सांगितला, तो येथे नोंदवितो.

गाडी कधी तापते, ते आधी लिहून काढावे. इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पाहावी, गरम असता झाकणास हात लावू नये. मग बॅटरीची तार सोडवून पंखा हाताने फिरवून पाहावा. तो अडखळत असेल तर दोष मोटरीच्या बेअरिंगमध्ये किंवा आत अडकलेल्या कचऱ्यात. तार सोडविल्यावाचून हात घालू नये, कारण विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. त्यानंतर मोटरीला बॅटरीवरून सरळ दोन तारा द्याव्यात, मध्ये फ्यूज ठेवून. तरीही ती फिरली नाही तर कार्बन ब्रश झिजले असावेत. फिरली, तर मोटर चांगली आहे. दोष वाटेत आहे. मग उष्णतेच्या स्विचची दोन टोके तारेने जोडावीत. पंखा सुरू झाला तर स्विच निकामी. न झाल्यास फ्यूज आणि रिले पाहावे. रिलेचा ‘टक’ असा आवाज येऊनही पंखा थंड राहिला तर आतील संपर्क जळालेले असतात.

पंखा फिरतो पण मंद फिरतो, असे असेल तर बॉडीला केलेली जोडणी पाहावी. आपल्या शहराची खारी हवा त्या ठिकाणी गंज चढविते. मोटरीची काळी तार आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मीटर लावून पंखा चालू असता अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर ती जागा घासून स्वच्छ करावी. जुन्या डायनमोच्या गाडीत आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. आमच्या गाडीचा डायनमो भर गतीत बावीस अँपियर देतो, इंजिन मंद असता जवळजवळ काहीच देत नाही. रात्री दिवे लावून वाहतुकीत उभे राहिल्यास पंखा बॅटरीच्या पुंजीवर जगतो आणि पुंजी आटली की मंदावतो. आणि हे सर्व ठीक असले तरी शेवटी समोर कागद धरून पाहावा.

दारी परत आलेले ते पाकीट आम्ही त्या दिवशी बरोबर नेले होते. त्यात आणखी काही रक्कम घातली होती. मिस्त्रींनी नोटा मोजल्या, सहाशे रुपये ठेवून घेतले आणि उरलेले आमच्या वहीत घालून वही परत दिली. नंतर त्यांच्या हयातीत गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. आज ते नाहीत. त्यांच्या त्या दोन पोरांपैकी एकजण आता गाडी पाहतो. पंखा कोणत्याही गाडीचा असो, तो प्रथम वर्तमानपत्राचे पान हातात घेतो. आमच्या चिरंजीवांच्या मनगटावर डाग राहिला आहे. रस्त्यात कोणाची गाडी वाफाळलेली दिसली की ते धावत जातात आणि झाकणाला हात लावू देत नाहीत.

आमच्याकडे काही वर्षे या मंडळाचे हिशेब होते. सभा किती झाल्या, वर्गणी किती जमली, हे आम्ही दरवर्षी वाचून दाखवीत असू आणि पंखा फिरतो आहे याचे समाधान मानीत असू. आता सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमच्यातील तरुण सभासदांनी अधूनमधून एखादे पान समोर धरून पाहावे, एवढीच विनंती आहे. ते फडफडत अंगावर आले तर बोल कोणास लावावयाचा, हे ठरविण्याआधी आपण कोणास काय सांगावयाचे राहिलो, ते आठवावे.